गढीत लपलेली नवरी

शोनेदच्या स्वतःच्या लग्नात नवरी शोधायला वरपक्षाला इतका कमी वेळ लागला होता की त्यांच्या घोड्यांनी अजून शेपट्यासुद्धा हलवल्या नव्हत्या. लग्नाच्या सकाळी नवरीनं लपायचं आणि वरपक्षानं तिला शोधून न्यायचं, ही तिकडची रीत. लोणी काढायच्या पिंपामागे लपली होती ती, आणि शिंक आली. झालं! त्यानंतर दोन वर्षं प्रत्येक जत्रेत, प्रत्येक बारशात कुणी ना कुणी तिला बघून खोटं खोटं शिंकायचंच. म्हणून धाकट्या बहिणीचं, लौरीचं, लग्न ठरलं त्याच दिवशी शोनेदनं मनाशी पक्कं केलं, की ब्रिनकेलिनच्या शेतावरची ही नवरी अशी तशी कुणाच्या हाती लागायची नाही.

लौरीचं म्हणणं मात्र वेगळं होतं.

"मला इथेलनंच शोधायला हवं," पीठ मळता मळता ती म्हणाली होती. "त्याच्या मित्रांनी नाही. आणि तू सांगायचं नाहीस. शपथ घे."

"अगं, तो इथेल? त्याला स्वतःचे बूट सापडत नाहीत असं त्याची आईच सांगत फिरते."

"बूट सापडत नसतील. मी सापडेन."

इथेल मेंढपाळ. उंच, लालसर केसांचा, आणि बोलायच्या बाबतीत असा कंजूष की हवेवर बोलायचं झालं तरी तो आधी आभाळाकडे बघून घ्यायचा. शोनेदला तो वाईट वाटत नव्हता. पण आपल्या चुरचुरीत बहिणीनं या मुखदुर्बळात काय पाहिलं, हे कोडं तिला उलगडलं नव्हतं. तरी तिनं शपथ घेतली. नवरीकडच्या कुणी ठिकाण सांगितलं तर ती नवरी म्हणजे बाजारात दोरीला धरून दिलेली शेळी, असं तिकडे मानतात. तेव्हा शपथेवाचूनही ती सांगणार नव्हतीच.

लपवायची जागा तिनं निवडली ती गढी.

शेताच्या वरच्या टोकाला, नदीवर वाकून बघत असल्यासारखी ती गढी उभी होती. उभी म्हणजे काय, एक गोल बुरूज निम्मा, दोन भिंती पाऊण, आणि बाकी सगळं हिरवं. कुठल्याशा सरदारानं कुठल्याशा राजाविरुद्ध बांधली, कुणीतरी जाळली, आणि मग ब्रिनकेलिनच्या पाच पिढ्यांनी तिचे दगड उचलून आणून गोठा, कुंपण आणि डुकरांचं खुराडं बांधलं. त्यामुळे त्यांची डुकरं सरदारासारखी राहतात असं बाबा म्हणायचे. उरलेल्या गढीवर आयव्हीच्या वेलींनी कब्जा केला होता. बुरुजाच्या पोटातच एक अॅशचं झाड वाढलं होतं आणि त्याचा शेंडा छपराच्या जागी डुलत होता. भोवती हेझलची झाडी, अंगाला लागली की आग होणाऱ्या आग्याच्या झुडपांचं रान, आणि माणसाच्या उंचीच्या वर गेलेली ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. आत जायला एकच वाट, आयव्हीच्या पडद्याआड मेंढ्यांनी अंग घासून घासून मोठं केलेलं भिंतीतलं भोक. बहिणी लहानपणी त्यातून शिरायच्या. मोठ्या माणसांना ते ठाऊकच नव्हतं, कारण मोठी माणसं रांगत नाहीत.

लग्नाच्या सकाळी दव पडलेलं असतानाच शोनेद लौरीला तिथे घेऊन गेली. लग्नाचा पोशाख पोत्यात गुंडाळलेला, आणि तिच्या स्वतःच्या कडेवर तिचा लेक देयो. पाच महिन्यांचा देयो नुकताच पोटभर पिऊन, ओठांच्या कडेला दुधाचा थेंब तसाच ठेवून झोपला होता.

"याला ठेव माझ्याजवळ," लौरी म्हणाली. "एकटीला करमायचं नाही मला."

शोनेदलाही ते बरं वाटलं. वरपक्ष आला की अंगणात बंदुकांचे बार काढणार, आणि बार झाला की देयो असा दचकायचा की सगळ्या अंगाची मूठ व्हायची. इथे भिंती जाड. सापडेपर्यंत झोपेल पोरगं. तिनं त्याच्या टाळूवर ओठ टेकवले. तिथे अजून बाळाचा तो वास होता, कोमट दुधाचा आणि नव्या लोकरीचा. दोनदा मागे वळून पाहत ती भोकातून बाहेर पडली.

तिचा सगळा हिशेब बरोबर होता. एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, ती म्हणजे सेलिव्हमामा.

रीत अशी, की वरपक्ष दाराशी आला की दार बंद. बाहेरच्यांनी कवनात आत यायची विनवणी करायची, आतल्यांनी कवनातच हाकलायचं. कुणी अडखळला की दार उघडायचं. दोन्हीकडे चार-सहा कवनं झाली की आतला जाणून बुजून अडखळतो आणि सगळे हसत आत येतात. वधूपक्षाकडून दारामागे उभे होते सेलिव्हमामा. गेली दोन वर्षं आसपास एकही लग्न नव्हतं, त्यामुळे मामांच्या पोटात कवनं नुसती साचली होती.

बंदुका वाजल्या, कुत्री भुंकली, आणि बाहेरून ग्विलिम शिंप्याचा खणखणीत आवाज आला,

"दार उघडा, दार उघडा, घोडे आमचे दमले,
तीन टेकड्या तुडवून सारे पाहुणे दारी जमले!"

मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"दमले घोडे बांधा तिकडे, जवळच आहे ओढा,
पाणी पाजा, चारा घाला, आमचा नाद सोडा!"

"नाद कसा सोडावा मामा, नवरी आमची आत,
नवरा बाहेर गारठलाय हो, वाजू लागले दात!"

"दात वाजती? वाजू द्या की, ताल धरा रे त्यावर,
नवरी कुणाला मिळाली का नुसत्या हुडहुडीवर?"

घरात हशा पिकला. शोनेदही पोट धरून हसली. पण कवनं संपेनात. ग्विलिम घोड्यावर आला, मामा बैलावर गेले. ग्विलिम स्वर्गात चढला, मामा त्याच्या आधीच तिथे जाऊन दाराला कडी घालून बसलेले. मटणाच्या रश्शाला तीनदा उकळी आली. मनुका घातलेले ब्रेड भट्टीतून निघाले आणि गारही झाले.

"मामा, आता अडखळा," शोनेद त्यांच्या कानाशी कुजबुजली.

"का म्हणून? मी हरतोय का?"

"हरायचंच असतं मामा!"

"तुझ्या लग्नात हरलो, त्याचं काय झालं? शिंकलीस तू."

बाबा खिडकीतून उन्हाकडे बघत होते. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. कायदा असा, की लग्न दुपारच्या आत लागलं पाहिजे. सूर्य माथ्यावरून ढळला की पाद्री पुस्तक मिटणार. आणि आज नाही तर उद्या म्हणायची सोय नव्हती. उद्या रविवार, त्या दिवशी पाद्री लग्न लावत नाही, आणि सोमवारी इथेलला डोंगरापलीकडच्या कुरणावर कामाला उभं राहायचं होतं. मालकानं घर देऊ केलं होतं, पण ते बायको असलेल्या मेंढपाळाला. सडा माणूस नको, तो घरात चूल पेटवत नाही, छपराला ओल येते, असं त्या मालकाचं म्हणणं. मालकाच्या दाराशी दुसरे दोन उमेदवार टपूनच होते, आणि दोघांनाही बायका होत्या.

शेवटी ग्विलिमलाच ठसका लागला. मामांनी विजयी आरोळी ठोकली, आणि हरलेल्यांना दयाळूपणे दार उघडून दिलं.

मग जी काय धुमश्चक्री उडाली! वरपक्षाच्या पोरांनी पिठाची कोठी उपसली, गवताची गंजी विस्कटली, भट्टीत डोकी घातली. चुलीजवळ शालीत गुरफटून बसलेल्या मल्टआत्याला बघून एकजण ओरडला, "सापडली! म्हातारीचं सोंग घेतलंय!" आणि चौघांनी मिळून तिची टोपी ओढली. टोपीखालून पांढरीशुभ्र वेणी निघाली.

"ओढा रे मेल्यांनो, अजून ओढा!" आत्या खुशीत म्हणाली. "इतक्या हौसेनं तर तुमच्या काकांनीसुद्धा कधी ओढलं नव्हतं मला."

या सगळ्यात नवरदेव कुठे होता? नवरदेव दाराच्या पायरीवर बसला होता. अंगात ग्विलिमनं शिवलेला नवा निळा कोट, हात गुडघ्यांवर, पायाशी त्याचं कुत्रं. शोनेदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो नवरदेव, शोधा की! नवरी काय तुमच्या बुटाशी येऊन बसणारेय?"

"शोधतोय ताई," इथेल म्हणाला.

"बसून?"

त्यानं आभाळाकडे पाहिलं. "हो."

ती तरातरा आत गेली. वाटलं, सांगून टाकावं. गेली ती शपथ खड्ड्यात. पण डोळ्यांपुढे आली ती पीठ मळणारी लौरी. ती काही हट्टानं बोलली नव्हती, अगदी सहज बोलली होती. उद्या ऊन पडेल म्हणावं तसं, की मी सापडेन. आता तिला जाऊन काय सांगायचं? तुझा नवरा पायरीवर बसलाय, आणि मीच तुला धरून आणते चल?

तेवढ्यात अंगणात कुठेतरी मेंढीचं कोकरू बें करून ओरडलं, आणि शोनेदच्या छातीत तो ओळखीचा चटका उठला. मुंग्या आल्यासारखा, सुयांसारखा, आणि मग दोन्हीकडून ऊब. तिनं घाईनं शाल पुढे ओढून घेतली. देयोची वेळ! वेळ कसली, वेळ कधीच टळून गेली होती. मामांच्या कवनांपायी तिचं पोर तिकडे दगडांच्या राशीत भुकेलं झालं असणार. चोळीला ओल आली. शाल सारखी करायची, ती पुन्हा सरकायची.

मग मात्र तिला राहवेना. लग्न, शपथ, मामा, मालक, सगळं मागे पडलं आणि डोक्यात एकच उरलं. तिनं बादली उचलली आणि कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाणी आणते गं बाई, या लोकांनी सगळं संपवलं." दारातून जाताना तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. इथेल आपल्या बुटांकडे बघत होता. बरंय, बघत राहा म्हणावं.

विहिरीपर्यंत ती ऐटीत चालत गेली. विहिरीपाशी बादली टाकली आणि घागरा गुडघ्यापर्यंत उचलून जी पळत सुटली, ती डुकरांच्या खुराड्यामागून, हेझलच्या झाडीतून, आग्याच्या रानातून. पोटऱ्यांना आग्या लागून आग होत होती, कळलंही नाही. भोकाशी येऊन ती हातापायांवर बसली आणि रडणं ऐकू आलं. आयव्हीनं इतकं गिळलं होतं की बाहेर त्याची नुसती कुरकुर येत होती. आत मात्र बुरूजभर घुमत होता तिचा लेक.

"आली, आली गं बाई आई," लौरी त्याला अॅशच्या झाडाभोवती फिरवत होती. लग्नाच्या पोशाखाला पानं चिकटलेली, केसांत काटक्या, आणि ओठ, जीभ, हनुवटी सगळं जांभळं. वाट बघता बघता तिनं हाताला येतील तेवढ्या ब्लॅकबेरी खाल्ल्या होत्या.

शोनेद एका पडलेल्या दगडावर बसली, चोळीची गाठ सोडली, आणि देयोनं जे तोंड लावलं ते आधी हुंदका, मग घोट, मग हुंदका, मग घोटच घोट. त्याच्या पापण्यांवर अजून पाणी होतं. एक हात तिच्या छातीवर पसरून तो सगळा हिशेब चुकता करत असल्यासारखा पीत होता. वरून ऊन झाडातून झिरपून त्याच्या कानावर पडलं. तो कान इतका पातळ होता की त्यातून उजेड आरपार दिसत होता, गुलाबी. क्षणभर शोनेद सगळं विसरली.

"सूर्य कुठवर आलाय?" लौरीनं विचारलं.

शोनेदनं मान वर केली. बुरुजाच्या तोंडातून दिसणारं आभाळ एवढंसं. पण झाडाची सावली जवळजवळ बुंध्यातच शिरली होती.

"लौरी, ऐक. तो शोधत नाहीये. पायरीवर बसलाय. मी दोनदा बोलले."

लौरी हसली. "बसलाय?"

"हसतेस काय? चल माझ्याबरोबर. सांगू, की आपणच..."

"बसलाय म्हणजे येतोय तो."

"डोकं फिरलंय तुझं! बसलेला माणूस येईल कसा?"

तेव्हा भोकापाशी आयव्ही हलली. आधी एक काळं ओलं नाक आलं, मग सगळं कुत्रं. त्यानं लौरीला पाहून शेपटी हलवली आणि तिच्या पायाशी बसलं. मग एक हात आला, मग लालसर केस, आणि मग काहीच नाही. इथेलचे खांदे मेंढ्यांपेक्षा बरेच रुंद होते.

"अडकलो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

लौरीनं दोन्ही हातांनी त्याला ओढलं. दगड निसटले, आयव्ही फाटली, आणि नवरदेव नवरीच्या पायाशी तोंडावर येऊन पडला. लौरी खाली बसली आणि त्याचं मातीनं माखलेलं तोंड दोन्ही हातांत धरून इतकी हसली, की बुरुजावरचे कावळे उडाले.

"कसं?" शोनेद म्हणाली. शाल देयोवरून घेत तिनं पाठ फिरवली होती, पण आवाज तिचा तिलाच पडल्यासारखा वाटला. "कसं कळलं तुम्हाला?"

इथेल उठून बसला. त्यानं आभाळाकडे पाहिलं. मग, बहुधा आजवरचं सगळ्यांत लांब भाषण केलं.

"कोकरू हरवलं तर आम्ही कोकरू शोधत नाही ताई. डोंगर फार मोठा. आईला मोकळी सोडतो आणि बसून राहतो. घरात पाळणा रिकामा होता. देयो तुमच्यापाशी नाही, म्हणजे लौरीपाशी. आणि तुम्ही... शाल सारखी करत होतात." त्याचे कान लाल झाले. "मग म्हटलं, आता जातीलच."

शोनेदनं देयोला दुसऱ्या बाजूला घेतलं. पाच महिन्यांत घरातल्या कुणी, तिच्या नवऱ्यानंसुद्धा, शालीकडे बघून तिची वेळ ओळखली नव्हती.

"म्हणजे मी मेंढी," ती म्हणाली.

"चांगली मेंढी," इथेल घाईनं म्हणाला. "पहिल्या खेपेची असून."

आता लौरीला हसू आवरेना, आणि शोनेदलाही. हसता हसताच तिनं वर पाहिलं, तर सावली बुंध्यात गेलेली.

"मेलो! चर्च!"

घराकडून गाडीवाटेनं जायचं म्हणजे टेकडीला वळसा. सरळ खाली, नदीपलीकडे, चर्च ढेकळाएवढं दिसत होतं. पण त्या बाजूची भिंत जिथे ढासळली होती तिथे ब्लॅकबेरीच्या जाळीनं वाट पार बुजवली होती. इथेलनं एकदा जाळीकडे पाहिलं, अंगातला नवा कोट काढला आणि काट्यांवर अंथरला. तिघं त्यावरून चालत गेली, शोनेद सगळ्यांत मागे, देयो अजून पितच होता. पाठीमागून, टेकडीवर त्यांना शोधत आलेल्या ग्विलिमनं ते पाहिलं आणि त्याची किंकाळी दरीभर घुमली,

"माझा कोट! अरे, अस्तर रेशमी आहे त्याला!"

"ग्विलिम, कवनात सांग!" लौरी ओरडली.

गवताच्या उतारावरून ती धावली कमी आणि घसरली जास्त. टेकडीवरून वऱ्हाडानं त्यांना पाहिलं; बंदुका वाजल्या, सगळं वऱ्हाड आरडाओरडा करत उतारावरून सुटलं. आश्चर्य म्हणजे देयो या वेळी दचकला नाही. आईच्या अंगाला चिकटलेलं असलं की बार काय आणि ढग काय. नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं. इथेलनं लौरीला उचललं, पलीकडे ठेवलं, आणि परत येऊन न विचारता शोनेदला लेकासकट उचललं. ती "अहो, अहो" म्हणेपर्यंत पलीकडे पोचलीसुद्धा.

चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीत उन्हाचं जुनं घड्याळ कोरलेलं होतं आणि पाद्रीबाबा दुपार त्यावरूनच ठरवायचे. पण आज त्यांना ते दिसत नव्हतं. बाबांच्या गाडीतून पुढे आलेली मल्टआत्या नेमकी तिथेच भिंतीला पाठ लावून उभी होती. आत्या रुंदीनं भरघोस, वर लाल शाल पसरलेली.

"मल्टबाई, जरा बाजूला होता का?" पाद्रीबाबा म्हणत होते.

"होते ना. पाय आखडलेत हो, कळ आली की हलवत नाही. आधी ती पोरं आली बघा, त्यांचं उरका. तोवर उतरेल कळ."

पाद्रीबाबांनी आत्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग वाटेकडे. जांभळ्या तोंडाची, केसांत आयव्ही अडकलेली नवरी, गुडघ्यापर्यंत निथळणारा बिनकोटाचा नवरा, आणि मागून लेकरू पाजत येणारी करवली.

"उतरू द्या सावकाश," ते म्हणाले, आणि पुस्तक उघडून आत गेले.

लग्न लागलं ते असं धापा टाकत. लौरीनं आपलं वचन स्वच्छ, मोठ्यानं दिलं. मग इथेलची पाळी. तो काहीतरी पुटपुटला. पाद्रीबाबांनी कानाला हात लावला. तो पुन्हा पुटपुटला. मागून सेलिव्हमामांचा आवाज आला, "ऐकू आलं नाही! कायद्यानं ऐकू यायला पाहिजे!"

इथेलनं लौरीकडे पाहिलं. तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. तेव्हा त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि डोंगराच्या या कड्यावरून त्या कड्यावर हाक मारायचा जो त्याचा आवाज होता, त्या आवाजात तो गरजला,

"हो! घेतो मी हिला!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आणि त्याच क्षणी दार ढकलून वरपक्षाची, वधूपक्षाची, बाहेर बसलेली झाडून सगळी कुत्री जिवाच्या आकांतानं आत धावत आली, मधल्या वाटेनं थेट वेदीपर्यंत, आणि आता कुठल्या बाजूनं कळप वळवायचा म्हणून जिभा काढून इथेलच्या तोंडाकडे बघत ओळीनं बसली. बाबा हसता हसता रडत होते. पाद्रीबाबांनी पुस्तकाआड तोंड लपवलं होतं. शोनेदच्या मांडीवर देयो पिणं सोडून, मान वळवून, पोटभर दुधानं सुस्तावलेल्या डोळ्यांनी कुत्र्यांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू उलगडला, आणि जन्मात पहिल्यांदाच तो खळखळून, आवाज काढून हसला.